दोन अधिकार, एक धारक : भूमिकाखेळ, देशी बुद्धिबळ आणि दत्तकविधान यांतील न्याय्यतेचा ऐतिहासिक विचार

गोषवारा

एकाच व्यक्तीला, पात्राला किंवा मोहऱ्याला दोन प्रकारचे अधिकार मिळावेत काय आणि मिळाल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न खेळाच्या नियमांत तसाच कायद्यातही उद्भवतो. प्रस्तुत लेखात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन भूमिकाखेळातील बहुवर्गी व द्विवर्गी पात्रांच्या नियमांची तुलना दोन एतद्देशीय उदाहरणांशी केली आहे : देशी बुद्धिबळातील प्याद्याची बढती, आणि हिंदू धर्मशास्त्रातील केवल दत्तक व द्व्यामुष्यायण हा भेद. दुहेरी अधिकाराची न्याय्यता अंतिम बेरजेवरून ठरत नाही. त्या अधिकाराची किंमत कोण, केव्हा आणि कोणाच्या संमतीने सोसतो यावरून ती ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

खेळाचा इतिहास हा आपल्याकडे बराच काळ करमणुकीचा इतिहास मानला गेला. वास्तविक खेळाचे नियम ही एक छोटी दंडनीतीच असते. कोणाला काय करता येईल, कोणाला ते नाकारले जाईल, आणि उल्लंघन झाल्यास काय भोगावे लागेल, हे नियम सांगतात. प्राचीन ग्रंथकारांना ही गोष्ट अपरिचित नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाला स्थान आहे. सतराव्या शतकात काशीस राहिलेला नीलकंठ भट्ट हा मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील. त्याने 'भगवंतभास्कर' या आपल्या बारा मयूखांच्या ग्रंथातील 'नीतिमयूखा'त राजनीतीच्या विवेचनासोबतच बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. याच नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'त दायविभाग व दत्तक यांची चर्चा येते. खेळाचे नियम आणि वारशाचे नियम एकाच लेखणीतून उतरावेत, ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

रत्नागिरी जिल्ह्याशी या ग्रंथाचा संबंध दुहेरी आहे. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे व्यवहारमयूखाला वरचे स्थान दिले. रत्नागिरीसह उर्वरित मराठी मुलखात मात्र मिताक्षरा प्रथम व मयूख दुय्यम असा क्रम मानला. या व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे याच जिल्ह्यातील. त्यांचा जन्म १८८० मध्ये चिपळूणनजीक परशुराम येथे झाला आणि १९६३ मध्ये ते भारतरत्न झाले.

भूमिकाखेळ व त्यातील 'वर्ग'

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, एक सूत्रधार प्रसंग उभे करतो आणि फासे टाकून कृतीचे यशापयश ठरते. खेळाडू परस्परांचे प्रतिस्पर्धी नसतात. ते एकाच तुकडीचे सोबती असतात.

प्रत्येक पात्राचा एक 'वर्ग' असतो, म्हणजे पेशा. योद्धा शस्त्र चालवितो, जादूगार मंत्र योजतो, पुरोहित जखमा भरून काढतो, चोर कुलपे उघडतो. पराक्रमाबद्दल अनुभवगुण मिळतात आणि ठरावीक गुण साठले की पात्राची पातळी वाढते. एका पात्राला दोन पेशे घेता येतील काय, हा प्रश्न आरंभापासूनच निघाला. १९७४ च्या मूळ नियमांत 'एल्फ' या मानवेतर वंशाच्या पात्राला एका मोहिमेत योद्धा व दुसऱ्या मोहिमेत जादूगार होण्याची मुभा होती. १९७८ मध्ये 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीचे खेळाडूंसाठीचे पुस्तक निघाले आणि त्यात दोन स्वतंत्र मार्ग निश्चित झाले.

पहिला मार्ग बहुवर्गी, ज्याला 'मल्टिक्लास' म्हणतात. तो केवळ मानवेतर वंशांना खुला होता. असे पात्र आरंभापासूनच दोन किंवा तीन पेशे एकत्र चालविते आणि मिळालेले अनुभवगुण सर्व पेशांत समान वाटले जातात. एखाद्या पेशात वंशाला ठरवून दिलेली कमाल पातळी गाठली तरीही वाटणी थांबत नाही. त्या पेशाच्या वाट्याचे गुण वाया जातात.

दुसरा मार्ग द्विवर्गी, म्हणजे 'ड्युअल-क्लास'. तो केवळ मनुष्यपात्रांना खुला होता. येथे पात्र प्रथम एक पेशा चालविते, मग तो कायमचा थांबवून दुसरा पेशा पहिल्या पातळीपासून सुरू करते. नव्या पेशाची पातळी जुन्या पातळीच्या पुढे जाईपर्यंत जुन्या विद्येचा उपयोग करता येत नाही. केल्यास दंड होतो : १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार त्या चकमकीचे अनुभवगुण मुळीच मिळत नाहीत आणि त्या मोहिमेचे निम्मेच मिळतात. नवी पातळी जुनीच्या पुढे गेली की दोन्ही विद्या मोकळ्या होतात. जुन्या पेशात मात्र पुन्हा कधीही प्रगती करता येत नाही.

आकड्यांचा हिशोब

यांपैकी कोणता मार्ग अधिक न्याय्य, यावर खेळाडूंमध्ये दीर्घकाळ वाद झाला. बहुवर्गी पात्राला दोन विद्या जवळजवळ फुकट मिळतात, असा एक आक्षेप. द्विवर्गी पात्र शेवटी अवाजवी बलवान होते, असा दुसरा. दोहोंची परीक्षा १९८९ च्या आवृत्तीतील तक्त्यांवरून करता येते. अधिक बक्षीसगुण हिशोबात धरले नाहीत.

योद्ध्याला सातव्या पातळीसाठी ६४,००० गुण लागतात, तर सहाव्यासाठी ३२,०००. प्रत्येक पायरीला गरज साधारण दुप्पट होत असल्यामुळे गुण निम्मे झाले तरी नुकसान एकाच पातळीचे होते. ६४,००० गुण मिळविलेला एकवर्गी योद्धा सातव्या पातळीवर असताना तेवढेच गुण मिळविलेला बहुवर्गी योद्धा-जादूगार योद्धा म्हणून सहाव्या व जादूगार म्हणून पाचव्या पातळीवर असतो. एका पातळीच्या मोबदल्यात अख्खी दुसरी विद्या, हा सौदा स्वस्त आहे यात शंका नाही. पहिला आक्षेप येथवर खरा ठरतो.

आता द्विवर्गी पात्र पाहू. सातव्या पातळीवर योद्धेपण थांबवून ते जादूगार झाले, तर जुनी विद्या परत मिळविण्यासाठी त्याला जादूगाराची आठवी पातळी गाठावी लागेल आणि त्यासाठी ९०,००० गुण हवेत. एकूण गुण झाले १,५४,०००. त्या क्षणी ते सातव्या पातळीचा योद्धा व आठव्या पातळीचा जादूगार असते. तितक्याच गुणांवर बहुवर्गी पात्र दोन्ही पेशांत सातव्या पातळीवर असते. एकवर्गी योद्धा आठव्या, तर एकवर्गी जादूगार नवव्या पातळीवर असतो.

अंतिम स्थिती पाहता दोन्ही मार्गांत फरक अवघा एका पातळीचा. फरक आहे तो वाटेतला. द्विवर्गी पात्राच्या १,५४,००० गुणांपैकी ९०,००० गुण, म्हणजे सुमारे ५८ टक्के वाटचाल, जुनी विद्या बांधून ठेवून करावी लागते. त्या काळात सातव्या पातळीच्या तुकडीत एक पहिल्या पातळीचा जादूगार वावरत असतो. शत्रू तुकडीच्या बळाला साजेसा येतो आणि नवख्याला सोबत्यांनी पाठीशी घालावे लागते. नियमाने द्विवर्गी पात्राला जो त्याग सांगितला, त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात सोबती फेडतात. दोन्ही आक्षेपांनी अंतिम बेरजेकडे पाहिले. या मधल्या कर्जाकडे मात्र दुर्लक्ष झाले.

दाराचाही विचार करावयास हवा. द्विवर्गी होण्यासाठी पहिल्या पेशाच्या प्रमुख गुणवैशिष्ट्यात किमान १५ व दुसऱ्याच्या किमान १७ अंक लागत. तीन फासे एकदा टाकले असता २१६ पैकी केवळ ४ वेळा १७ किंवा १८ पडतात, म्हणजे सुमारे १.८५ टक्के. १५ किंवा अधिक पडण्याची शक्यताही २१६ पैकी २० एवढीच. बहुवर्गी मार्गावर अशी कठोर अट नव्हती, मात्र तेथे वंशाची अट होती. थोडक्यात, एका दाराशी जन्म उभा होता आणि दुसऱ्या दाराशी नशीब.

देशी बुद्धिबळातील दोन रीती

हाच प्रश्न बुद्धिबळाने फार पूर्वी हाताळला होता. पटावर दुहेरी शक्तीच्या दोन्ही रीती दिसतात. वजीर हा बहुवर्गी मोहरा होय. हत्तीची सरळ व उंटाची तिरपी अशा दोन्ही चाली तो एकाच वेळी बाळगतो. जुन्या चतुरंगातील मंत्री तिरपे एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन व इटलीत त्याला आजची शक्ती मिळाली. रशियात तर त्याला घोड्याचीही चाल देण्याची प्रथा काही काळ होती; ती टिकली नाही. याउलट प्यादे हा द्विवर्गी मोहरा आहे. ते एक जन्म संपवून दुसरा घेते आणि बढतीनंतर पुन्हा प्यादे होत नाही.

बढतीचे देशी नियम आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांहून बरेच वेगळे होते. एच. जे. आर. मरे यांच्या १९१३ च्या बुद्धिबळाच्या इतिहासात हिंदुस्थानातील रीतींचे प्रांतपरत्वे भेद नोंदलेले आहेत. स्थूलमानाने प्यादे नेहमी एकच घर चाले. शेवटच्या ओळीत ते ज्या उभ्या पट्टीतून पोचेल, त्या पट्टीचा मोहरा ते होई : हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा, राजाच्या व वजिराच्या पट्टीत वजीर. अनेक ठिकाणी आणखी एक बंधन असे. तो मोहरा आधी मारला गेलेला असला तरच बढती मिळे. अन्यथा प्याद्याला सातव्या घरात थांबून राहावे लागे. घोडा झालेल्या प्याद्याला त्याच डावात घोड्याची एक उडी घेण्याची सवलतही काही रीतींत होती. राजालाही, शह मिळाला नसेल तर, डावात एकदा घोड्याची उडी घेता येई.

या नियमांमागील न्यायदृष्टी स्पष्ट आहे. बढतीने कोणत्याही पक्षाचे बळ आरंभीच्या संख्येपलीकडे जाऊ नये, ही त्यातील मुख्य धारणा. प्यादे नवे पद निर्माण करीत नाही. रिकाम्या झालेल्या पदावर बसते. हा विचार केवळ हिंदुस्थानचा नव्हे. अठराव्या शतकातील इटलीतही बढती मारल्या गेलेल्या मोहऱ्यांपुरती मर्यादित होती आणि पद रिकामे नसल्यास प्यादे ताटकळत राही. एकोणिसाव्या शतकात युरोपात मुक्त बढतीचा नियम रूढ झाला. त्यानुसार प्यादे कोणत्याही पट्टीतून जावो, आधीचा वजीर पटावर असो वा नसो, त्याला वजीर होता येते.

महाराष्ट्रात दोन्ही पद्धतींचा परिचय जुना आहे. युरोपीय पद्धतीला अनुसरून त्रेवेंगडाचार्य शास्त्री यांनी लिहिलेले बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तक १८१४ मध्येच मुंबईत छापले गेले होते. तरीही घराघरांतून देशी पद्धत विसाव्या शतकातही चालू राहिली. देशी पद्धतीवर वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. अखिल भारतीय बुद्धिबळ संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. १९७४ मध्ये मुंबईच्या वासंती खाडिलकर महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. स्पर्धात्मक खेळात या काळात आंतरराष्ट्रीय नियम स्थिरावले आणि पट्टीनुसार बढतीचा नियम हळूहळू वाडवडिलांच्या आठवणींत गेला.

येथे एक मूलभूत भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. बुद्धिबळात वजीर प्याद्याहून कितीही बलवान असला तरी त्यातून कोणावर अन्याय होत नाही, कारण दोन्ही खेळाडूंकडे तेवढेच वजीर व तेवढीच प्यादी असतात. मोहऱ्यांमधील विषमता खेळाडूंमध्ये उतरत नाही. भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडूच्या हाती एकच मोहरा असतो. साहजिकच मोहऱ्यांतील विषमता ही थेट माणसांतील विषमता होते. पटावर जो नियम निर्दोष ठरतो, तोच तुकडीत गाऱ्हाण्याचे कारण होतो, तो यामुळेच.

केवल दत्तक व द्व्यामुष्यायण

ज्या व्यवहारात प्रत्येकाच्या हाती एकच 'मोहरा' असतो, म्हणजे स्वतःचे आयुष्य, तो व्यवहार कायद्याचा. दत्तकविधानात दुहेरी अधिकाराचा प्रश्न नेमक्या याच स्वरूपात येतो. धर्मशास्त्राने दत्तकाचे दोन प्रकार मानले. केवल दत्तक जनककुळातून बाहेर पडतो. तेथील गोत्र, रिक्थ व पिंड यांशी त्याचा संबंध संपतो आणि पालककुळात तो औरसाप्रमाणे प्रवेश करतो. द्व्यामुष्यायण हा मात्र 'हा आपणा दोघांचा पुत्र' अशा करारावर दिलेला असतो. त्याला दोन्ही कुळांत वारसा मिळतो आणि दोन्ही पित्यांचे श्राद्धकर्म त्याच्यावर येते. व्यवहारमयूखात या भेदाची चर्चा आहे आणि मुंबई इलाख्यातील न्यायनिर्णयांतही या प्रकाराला स्थान मिळाले.

केवल दत्तकाची रचना द्विवर्गी पात्रासारखी, तर द्व्यामुष्यायणाची बहुवर्गी पात्रासारखी आहे, हे साम्य उघड आहे. महत्त्वाचे आहे ते साम्याच्या पुढचे. द्व्यामुष्यायणाला दुहेरी लाभ मिळतो, परंतु त्याचे कर्तव्यही दुहेरी होते. शिवाय हे सर्व दोन्ही पित्यांच्या संमतीने व आधी ठरवून होते. ज्यांच्या वाट्यात तो भागीदार होणार, त्या कुळांच्या प्रमुखांनी ते मान्य केलेले असते. केवल दत्तकाच्या बाबतीत त्याग आणि लाभ एकाच क्षणी घडतात. जुने हक्क गेले आणि नवे अजून मिळाले नाहीत, असा मधला ओसाड काळ धर्मशास्त्राने ठेवलेला नाही. भूमिकाखेळाच्या द्विवर्गी नियमात नेमका हाच काळ सर्वांत लांब आहे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १२ चा रोख केवल दत्तकाकडे आहे. दत्तक घेतल्याच्या तारखेपासून मुलाचे जनककुळाशी असलेले संबंध संपतात. तथापि दत्तकापूर्वी त्याच्याकडे निहित झालेली मालमत्ता, तिच्यासोबतच्या दायित्वांसह, त्याच्याकडेच राहते. कमावलेले हिरावून घ्यायचे नाही, पुढील वाटा मात्र बदलायच्या, असे हे सूत्र आहे. याच कायद्याने मुलीलाही दत्तक घेण्याची वाट खुली केली. अधिकारांच्या बेरजेइतकाच दार कोणाला उघडे आहे हा प्रश्न महत्त्वाचा, याची ही कायद्याने दिलेली कबुली होय.

नियमांचे पुढील वळण

भूमिकाखेळातही दारांचा प्रश्न अखेर सोडवावा लागला. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तिने बहुवर्गी व द्विवर्गी हा भेदच काढून टाकला. कोणत्याही वंशाच्या पात्राला प्रत्येक नव्या पातळीला हवा तो पेशा निवडण्याची मुभा मिळाली आणि पातळ्यांची बेरीज सर्वांसाठी एकाच तक्त्यावर मोजली जाऊ लागली. जुनी विद्या बांधून ठेवण्याची अट गेली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही सोय ऐच्छिक नियम म्हणून राहिली. त्यासाठी आधीच्या व नव्या अशा दोन्ही पेशांच्या प्रमुख गुणवैशिष्ट्यांत १३ अंकांची अट आली. वंशाचे दार निघाले आणि नशिबाचे दार रुंद झाले.

या बदलाने सर्व प्रश्न मिटले असे नाही. सर्वांना सर्व काही खुले झाल्यावर अत्यंत फायदेशीर मिश्रण शोधण्याकडे कल वाढतो आणि एकाच पेशावर निष्ठा ठेवणारा मागे पडू शकतो. मुक्त बढतीनंतर बुद्धिबळात प्यादे बहुधा वजीरच होते, हत्ती वा घोडा क्वचित, याचे कारणही हेच. देशी नियमात घोड्याच्या पट्टीतील प्याद्याला स्वतःचे असे भवितव्य होते. ते मर्यादित असले तरी वेगळे होते. मात्र ते भवितव्य जन्माच्या पट्टीने ठरत होते, हेही विसरून चालणार नाही.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी संभवतात.

१. बहुवर्गी व द्विवर्गी मार्गांची अंतिम बेरीज जवळजवळ सारखी येते. केवळ बेरजेच्या आधारे एकाला न्याय्य व दुसऱ्याला अन्याय्य ठरविता येत नाही.

२. बहुवर्गी पात्र आपली किंमत रोजच्या रोज, समान हप्त्यांत व स्वतः चुकविते. द्विवर्गी पात्र ती एकदम आणि बऱ्याच अंशी सोबत्यांच्या आधारावर चुकविते. यामुळे सोबत्यांची पूर्वसंमती हा द्विवर्गी मार्गाच्या न्याय्यतेचा आवश्यक भाग ठरतो. १९७८ व १९८९ च्या नियमांनी पात्राला दंड सांगितला, संमतीची अट मात्र घातली नाही. द्व्यामुष्यायणाच्या करारात तीच मुख्य होती.

३. पटावरील न्यायाचे माप तुकडीला जसेच्या तसे लावता येत नाही. जेथे प्रत्येकाच्या हाती एकच मोहरा असतो, तेथे मोहऱ्याची बढती ही शेजाऱ्याच्याही हिताचा प्रश्न असते.

४. जन्मावर आधारलेले दार हा नियमाचा सर्वांत कच्चा भाग होय. दत्तकविधानात १९५६ मध्ये आणि भूमिकाखेळात २००० मध्ये प्रथम बदलले ते हेच.

नीलकंठाने राजनीतीच्या ग्रंथात बुद्धिबळाला जागा दिली, तेव्हा खेळ व व्यवहार यांना जोडणारा धागा त्याला दिसला असावा. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत अर्थशास्त्र, विधी व इतिहास हे विषय निरनिराळ्या दालनांत शिकविले जातात. वाटणी, त्याग व संमती या तिन्ही संकल्पना विद्यार्थ्यांसमोर एकत्र आणण्यासाठी खेळाच्या नियमांइतके सुलभ साधन क्वचितच सापडेल. देशी बुद्धिबळाचे गावोगावचे नियम ज्यांना ठाऊक आहेत अशी पिढी आता वृद्ध झाली आहे. कोकणातील वाड्या-वस्त्यांवरून ते नियम नोंदवून ठेवणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे काम आहे.